रुपचंद नानांनी सुचवलेला रंग

ही घडलेली गोष्ट आहे. रात्रीची नाही, भर दुपारची. ज्यांना अमावस्येशिवाय भीती वाटत नाही त्यांनी पुढे वाचू नये. आणि ज्यांना पटणार नाही त्यांनी माझ्या आबांच्या डोक्यावरून एकदा हात फिरवायला हवा होता. बोटाचं पेर बसेल एवढी खोक तिथे शेवटपर्यंत होती.

साल १९८९. गाव शिंदखेडा. दिवस आखाजीचा.

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्या खानदेशात त्या दिवशी घरातल्या मेलेल्या माणसांच्या नावाने घागर भरतात. दुपारी विस्तवावर पुरणपोळीचा घास टाकतात, त्याला आगारी म्हणतात. मेलेली माणसं त्या दिवशी पाणी प्यायला येतात, असं मानतात.

आपापल्या घरी येतात...

आम्ही पिंपळनेरहून नुकतेच आलो होतो. माझे वडील धनसिंग, म्हणजे आबा, कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते. त्यांनी गावाच्या कडेला एका गल्लीत जुनं घर घेतलं. सणाआधी रंग द्यायचा म्हणून दुकानातून शेड कार्ड आणलं, आणि घरात महाभारत सुरू झालं.

आबांना लिंबू पिवळा हवा होता. मी तेव्हा कॉलेजात, मला गुलाबी हवा होता.

"गुलाबी?" माय म्हणाली. "घर शे का तमाशाना तंबू?"

शेजारचे रुपचंद नाना त्यांच्या ओट्यावरून ऐकत होते. पन्नाशीचे, बोलायला फार गोड. त्यांचं घर पिस्ता रंगाचं होतं. ते उठून आले, कार्ड हातात घेतलं आणि एका चौकोनावर नख टेकवलं.

"प्रमिलाबाई, हाऊ निळा द्या. उन्हायामा घर थंड ऱ्हास."

माझ्या मायने जन्मात कोणाचं ऐकलं नव्हतं. त्या दिवशी ऐकलं.

गल्लीत दुसरं एकही घर निळं नव्हतं. आम्हाला वाटलं, बरंच झालं, आपलं उठून दिसेल.

रंग वाळला आणि ओट्यावर चिमण्या येईनात. समोरच्या निंबाखाली पडून असणारं कुत्रं उठून गेलं, ते परत आलं नाही.

मग आवाज सुरू झाला.

दुपारी जेवून आडवं झालं की बाहेरच्या भिंतीवरून कोणीतरी हात घासत चालायचं.

खर्र... खर्र... खर्र...

कोपऱ्यापासून दारापर्यंत. आंधळा माणूस भिंत चाचपत जातो, तसं.

दारापाशी थांबायचं.

मी एकदा खिडकीतून पाहिलं. गल्लीत चिटपाखरू नव्हतं.

आवाज मात्र माझ्या खिडकीखालून पुढे गेला...

आखाजीच्या सकाळी माय ओटा धुवायला गेली आणि तिने मला हाक मारली. दाराच्या दोन्ही बाजूंना तळहात उमटले होते. तांबूस काळे, वाळलेले. मायने नखाने खरवडून वास घेतला.

"रगत शे," ती म्हणाली.

सणावारी हे चार लोकांनी पाहायला नको, म्हणून तिने उरलेली रंगाची पावडर बादलीत कालवली आणि स्वतःच कुंचा मारला. डाग झाकले गेले. बादलीत बराच रंग उरला, तो तिने ओट्याच्या कोपऱ्यात ठेवला.

रुपचंद नाना त्यांच्या ओट्यावरून बघत होते. एरवी पाटीभर चौकशा करणारा माणूस, पण काय झालं म्हणून विचारायला आले नाहीत.

दुपारी आबांनी घागर पूजली. आगारी टाकली. तुपाचा धूर वर गेला...

आणि दारावर थाप पडली.

"दादा... पानी दे."

आवाज तरुण होता. घशाला कोरड पडलेल्या माणसाचा.

आमच्याकडच्या उन्हाळ्यात पाणी मागणाऱ्याच्या तोंडावर दार लावून घेणारा माणूस मी पाहिलेला नाही. आबा तांब्या भरून उठले. "थांब भाऊ, देस," म्हणत त्यांनी कडी काढली.

बाहेर कोणी नव्हतं. नुसतं ऊन.

आबांनी तांब्या पुढे धरला होता. तो त्यांच्या हातातून गेला. पडला नाही... गेला.

मग ऐकू आलं. घट... घट... घट...

पाणी संपलं. तोच आवाज आता अगदी आबांच्या तोंडापाशी आला.

"तवय का नही दिधं, दादा?"

पहिला घाव डोक्यात बसला. लाकूड फोडताना येतो तसा आवाज झाला. रक्ताची चिळकांडी आगारीच्या विस्तवावर पडून चरचरली. आबा भिंतीवर आदळले. दुसरा घाव खांद्यात बसला आणि हाड कातडी फाडून बाहेर आलं. तिसरा चुकला, चौकटीत बसला. चौकटीची ढलपी उडून माझ्या गालात घुसली.

मारणारा दिसत नव्हता. कुऱ्हाडही दिसत नव्हती. घाव तेवढे दिसत होते.

मायने आबांना पायाला धरून आत ओढलं. मी दार लावून पाठ टेकली. फळ्या माझ्या पाठीत फुटायला लागल्या.

मागच्या दाराने ताईबाई आल्या, रुपचंद नानांची बायको. आबांना पाहून मटकन खालीच बसल्या आणि छाती बडवायला लागल्या.

"मना मानूसनी घात कया व तुमना! पहिले आमनं घर निळं व्हतं..."

रडत रडत त्यांनी सांगितलं ते असं. नानांना चिंधा नावाचा धाकटा भाऊ होता. दोघांत विहिरीच्या वाट्यावरून वैर होतं. एका आखाजीला चिंधा भर दुपारी शेतातून आला आणि दारात उभा राहून त्याने पाणी मागितलं. नानांनी दार उघडलं ते कुऱ्हाड घेऊन. चोरांनी मारलं म्हणून सांगितलं, ते पचलंही. पण पुढे निळ्या भिंतीवर हात उमटायला लागले. नानांनी घर पिस्ता रंगाचं करून टाकलं आणि हात थांबले.

"त्याले निळंच घर माहीत शे," ताईबाई म्हणाल्या.

म्हणजे ते थंडाव्यासाठी नव्हतं. भावाची कुऱ्हाड त्यांनी आमच्या दाराकडे वळवून दिली होती.

माय आबांच्या डोक्यावर लुगड्याचा पदर दाबून बसली होती.

दारावरचे घाव थांबले. गल्लीतल्या लोकांनी जीप आणली. आबांना आत निजवलं. मी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. आणि माय मागे फिरली.

तिने ओट्यावरची बादली उचलली.

"प्रमिलाबाई, काय करी ऱ्हायनात?" नाना ओट्यावरून उठत म्हणाले.

तिने पूर्ण बादली भिरकावली. पिस्ता भिंत, दार, नानांचं धोतर, नानांचं तोंड. सगळं निळं.

"तुना भाऊ तहानेल शे," माय म्हणाली. "त्याले तुनं घर दखाडं मी."

नानांचा चेहरा मी विसरलेले नाही. ते धोतराच्या सोग्याने भिंत पुसायला लागले. जेवढं पुसत होते तेवढं निळं पसरत होतं.

"अवं, पानी आन! लवकर पानी आन!"

माय जीपमध्ये चढली आणि जीप सुटली. मागून मला ऐकू आलं...

खर्र... खर्र... आमच्या भिंतीवरून त्यांच्या भिंतीकडे.

आम्ही धुळ्याच्या दवाखान्यात होतो, तिथे संध्याकाळी निरोप आला. नाना स्वतःच्या उंबऱ्यावर पडले होते. डोकं कपाळापासून जबड्यापर्यंत दोन फाकांत उघडलेलं. उजवा हात तुटून घरात पडला होता, मूठ अजून सोगा धरून. हत्यार मिळालं नाही. उशाशी आमचा तांब्या होता, काठोकाठ भरलेला.

पोलीस आले, गेले.

आबा जगले, पण मरेपर्यंत त्यांनी कोणतंही दार स्वतः उघडलं नाही. मायने घर लिंबू पिवळं केलं. पुढे दर आखाजीला ती चिंधाच्या नावाने एक जास्तीची घागर भरायची. आमच्या भिंतीवर पुन्हा हात उमटला नाही.

एकदा मी तिला विचारलं, "माय, नानांना तू मारलंस का?"

"मी रंग टाका," ती म्हणाली आणि पुरण वाटत बसली.

तिने केलं ते बरोबर केलं. मला तेव्हाही तसंच वाटलं, आजही वाटतं.

माय गेल्यावर चिंधाची घागर मी भरते. नानांना मूलबाळ नव्हतं. ताईबाई होत्या तोवर त्या नानांची घागर भरत, आता कोणी भरत नाही. त्यांचं घरही पाडलं, तिथे गोदाम झालंय.

मुलाने धुळ्यात घर बांधलंय. रंग त्याने मला न विचारता निवडला, आईला आनंद होईल म्हणून. आखाजीच्या तोंडावर मला राहायला आणलं आणि अंगणात उभं करून विचारलं, "बाहेरून कसा वाटतो?"

पिस्ता.

मी म्हटलं, आजच बदल. तो हसला. म्हणाला, सण झाल्यावर बघू.

आज आखाजी. आगारी टाकून मी जरा टेकले होते...

खर्र... खर्र... खर्र...

दारापाशी थांबलं.

"पानी आन... लवकर पानी आन..."

आवाज तरुण नव्हता. गोड होता.

मी दार उघडलेलं नाही. पण मुलगा जेवायला यायची वेळ झाली आहे, आणि तो बाहेरून येणार आहे.