ऑरिनच्या टाचेची नाल

दिवे घालवायचा बिगूल झाला की बराकीत कुणी बोलायचं नाही, हा नियम मलाही ठाऊक आहे. पण मी मुलकी माणूस, या रोपं लावायच्या सरकारी कॅम्पाचा लोहार. लष्कराचे निम्मे नियम मला लागू, निम्मे नाहीत. तेव्हा शेगडीत एक लाकूड टाका आणि जवळ सरका. मोठ्यानं बोलायला लावू नका.

आज संध्याकाळी या डेलबर्टची कुदळ रानात राहिली. हा म्हणाला, "पॉप, धावत जाऊन घेऊन येतो." मी म्हणालो, "उद्या उजाडल्यावर." झालं! तेव्हापासून हा माझ्यामागं लागलाय. का नाही जायचं, अंधाराला घाबरता का, म्हातारे झालात का. अरे, म्हातारा तर मी तू जन्मायच्या आधीपासून आहे.

का नाही जायचं, ते सांगतो. हे माझ्यावर बेतलेलं नाही. ज्याच्यावर बेतलं तो बरोबर इथं, शेगडीपासून तिसऱ्या खाटेवर झोपायचा. हो, तुझीच खाट. आता उठून बसलास ना? बस तसाच.

कॅझ त्याचं नाव. कॅझिमिर पूर्ण, पण तेवढं म्हणायला वेळ कुणाला? डेट्रॉइटचा, पोलिश, वीस वर्षांचा. बोलण्यात तरबेज, नाचण्यात त्याहून. त्याची जोडी होती ऑरिन टीपलशी. ऑरिन दक्षिणेकडचा, शेतकऱ्याचा पोरगा. बोलायला मुखदुर्बळ, कामाला वाघ. रोपं लावायची जोडी कशी असते ते तुम्ही गेले दहा दिवस करताय. पुढचा कुदळ मारतो, फट उघडतो. मागचा बादलीतून रोप काढून फटीत सोडतो आणि टाचेनं दाबतो. दोन पावलं पुढं, पुन्हा तेच. कुदळवाल्यानं मागं वळून बघायचं नाही. बघितलं की रांग वाकडी जाते. मागचा आहे की नाही, हे त्यानं टाचेच्या आवाजावरून ओळखायचं.

ऑरिनचा आवाज लांबूनही कळायचा. तो दोनदा दाबायचा. धप्, धप्. बाकीचे एकदाच दाबून मोकळे होतात, तुम्हीही तेच करता, मला दिसतं सगळं. हा दोनदा. म्हणायचा, "मुळाशी हवा राहिली तर ते गुदमरतं, पॉप." रोप गुदमरतं म्हणे! डावा पाय किंचित ओढायचा, त्यामुळं त्या बुटाची टाच महिन्याभरात झिजून गेली. मी भट्टीवर एक अर्धगोल नाल घडवली आणि त्याच्या टाचेला ठोकून दिली. तीन खिळे, मधला जरा तिरका गेला. थट्टेत म्हणालो, "सरकारी लोखंड आहे हे. काम संपलं की परत करायचं." तो गंभीरपणे म्हणाला, "करतो, पॉप."

हे छत्तीस सालच्या एप्रिलातलं.

मे महिन्याच्या सुरुवातीला गाव-नाक्यावर नाच होता. गुरुवारी. त्या दिवशी वरच्या जळक्या रानात लावणी चाललेली, पाऊस, चिखल, बोटं आखडलेली. ज्या जोडीच्या बादल्या लवकर रिकाम्या होतील तिला लवकर सुट्टी. कॅझनं काय केलं असेल? तुमच्यातले दोघं आत्ता एकमेकांकडं बघतायत, म्हणजे तुम्हाला कळलं. जेवणाच्या सुट्टीत ऑरिन कॉफी आणायला गेला, तेवढ्यात यानं दोनशे रोपांची जुडी एका जळक्या बुंध्याखाली पुरली. वर माती, वर पाला. आणि सुट्टीनंतर तेवढी जागा सोडून पुढून कुदळ मारायला लागला.

शुक्रवारी लुंडीन मुकादम तपासायला गेले. रांगेत मोठी मोकळी जागा. बादली कुणाकडं असते? मागच्याकडं. त्यांनी ऑरिनला सगळ्यांसमोर उभं केलं.

"रोपं कुठं टाकलीस?"

"मी टाकली नाहीत, साहेब."

"मग उडून गेली?"

ऑरिननं कॅझकडं बघितलं. कॅझ बुटाची नाडी बांधत होता.

लुंडीन म्हणाले, "सोमवारच्या गाडीनं घरी जायचं. कागदावर लिहीन, लबाडी म्हणून."

शनिवारी रात्री याच तिसऱ्या खाटेशेजारी ऑरिन कॅझला म्हणाला होता, "मी तुझं नाव घेत नाही. फक्त कुठं पुरलीस ते सांग. मी लावून टाकतो. घरी जायचं तर जातो, पण आईला काय सांगू, लबाड म्हणून हाकलला?" आणि कॅझ म्हणाला, "कसली रोपं? झोप गप."

रविवारी सकाळी ऑरिन एकटाच वर गेला. शोधायला. दुपारी सरोवराकडून वारा फिरला आणि बर्फ पडायला लागला. मे महिन्यात. इथं पडतो. सोमवारी सापडला, बुंध्याला टेकून बसलेला, रिकामी बादली मांडीवर. नखांत माती होती. किती बुंधे उकरले होते त्यानं, मी मोजले नाहीत. मोजवले नाहीत मला.

गणवेश आणि तेच बूट घालून, शवपेटीत ठेवून, आगगाडीनं त्याला घरी पाठवला. बुटांना मीच पॉलिश केलं. नाल जागच्या जागी होती. आणि त्याच्या आधी कागद पोचला. तो लुंडीनसाहेबांनी शुक्रवारीच टपालात टाकला होता.

कॅझ काही बोलला नाही. त्याला नवा जोडीदार मिळाला. नाच सोडला त्यानं, एवढं मात्र खरं. मी ते बघितलं आणि मला वाटलं, पोरगं दुःखात आहे.

आता ती रात्र. चौदा ऑक्टोबर, बुधवार. शरदातली लावणी चालू होती, त्याच रानात. संध्याकाळी मी नेहमीसारखी अवजारं मोजली. माझ्या अवजारांच्या खोलीत प्रत्येक खिळ्यावर एक अवजार. सतरावा खिळा रिकामा. कॅझची कुदळ.

मी खेकसलो. कामात पोरं ढिली पडली की मला चीड येते. म्हणालो, "कंदील घे आणि आत्ता जा. अवजार रानात झोपत नाही." तो म्हणाला, "पॉप, उद्या गेलो तर?" त्याच्या तोंडाकडं मी तेव्हा नीट बघितलं असतं तर... पण नाही बघितलं. त्याला धाडलं. आठ वाजले होते. खोलीला कुलूप लावलं, किल्ली कमरेला, आणि जेवायच्या खोलीत जाऊन बीन्स खाल्ल्या.

पुढचं मला त्यानंच सांगितलं. त्याच रात्री.

वाट तुम्हाला माहीत आहे, जेमतेम मैलभर. चांदणं नव्हतं. वारा नव्हता. तो वर पोचला आणि कंदील उचलून बघितलं तर कुदळ सापडायला काहीच त्रास पडला नाही. ती उभी होती. फाळ जमिनीत रुतवून, दांडा वर. बरोबर तिथं, जिथं मे महिन्यातली रांग तुटली होती. मोकळी जागा सुरू होते तिथं.

त्यानं ती तिथं ठेवली नव्हती. तो त्या बाजूला दिवसभरात गेलाच नव्हता.

त्यानं दांडा धरला, ओढला. कुदळ निघाली, फट उघडी राहिली. तो परतायला वळणार...

मागून आवाज आला.

धप्. धप्.

तो वळला नाही. मला म्हणाला, "पॉप, मान वळेना." त्यानं हाक मारली, "कोण आहे?"



श्वास ऐकू येत होता. ओला. थंडी भरलेल्या माणसाचा.

त्यानं एक पाऊल टाकलं. मागं एक पाऊल पडलं. डावा पाय... ओढत.

त्यानं दुसरं टाकलं. मागं दुसरं.

आणि मग ते थांबलं. वाट बघत राहिलं.

दोन पावलं झाली की काय करायचं असतं? त्याच्या हातांना ठाऊक होतं. त्यानं कंदील खाली ठेवला. कुदळ उचलली. मारली.

धप्. धप्.

दोन पावलं. कुदळ.

धप्. धप्.

थांबला की मागचं थांबायचं. मग तो श्वास जवळ यायचा. मानेपाशी. म्हणून तो थांबला नाही...

साडेनऊला मी दुसरा कंदील घेऊन निघालो. शिव्या घालतच निघालो, खोटं का बोलू. चढणीवर आलो आणि कुदळीचा आवाज ऐकला. वाटलं, बेट्याला वेड लागलं. मग त्याच्या मागचा आवाज ऐकला.

माझे पाय थांबले.

तो आवाज मी पाच महिन्यांनी ऐकत होतो.

मी "कॅझ!" म्हणून ओरडलो. कुदळ थांबली. सगळंच थांबलं. जवळ गेलो तर तो मोकळ्या जागेच्या दुसऱ्या टोकाला उभा होता, रांग पुन्हा सुरू होते तिथं. तोंड पुढं. तळहात सोललेले. मला म्हणाला, "पॉप, तुम्ही बघा. मागं कुणी आहे का, तुम्ही बघा."

मी कंदील वर केला.

कुणी नव्हतं. रांग होती. सरळ, दोरीनं आखावी तशी. दोनशे रोपं. सगळी तपकिरी, मेलेली, पाच महिने जमिनीखाली कुजलेली. थोडं पलीकडं एका बुंध्याखाली खड्डा उघडा पडलेला, रिकामा. आणि प्रत्येक रोपाच्या मुळाशी टाचेच्या दोन खुणा. मी वाकून बघितलं. अर्धगोल. तीन खिळे. मधला तिरका.

तिथंच, चिखलात बसून, कॅझनं मला सगळं सांगितलं. जुडीचं, नाचाचं, शनिवार रात्रीचं. मी त्याच्यावर हात उगारला होता. मग तो हात त्याच्या खांद्यावर ठेवला. दुसरं काय करणार? त्याला अंधारात धाडणारा मीच ना.

सकाळी झेंडा चढायच्या आधी तो रांगेतून पुढं आला आणि एकशे ऐंशी पोरांसमोर बोलला. आवाज फुटत होता, पण शेवटपर्यंत बोलला. लुंडीनसाहेबांनी टोपी काढली. त्याच दिवशी त्यांनी ऑरिनच्या आईला स्वतःच्या हातानं पत्र लिहिलं. कॅझला दुपारच्या गाडीनं घरी पाठवला.

ती रोपं जगली का? नाही रे. मेलेलं रोप जगतं का कधी? वसंतात तिथं नवी लावली. लुंडीनसाहेब आजही म्हणतात, पोरानं अपराधाच्या भरात एकट्यानं लावली सगळी. असेल. त्याच्या पायात रबरी बूट होते, सपाट टाचेचे. हे मी त्यांना सांगितलं, तर ते विषय बदलतात.

एक गोष्ट मी त्यांना सांगितली नाही.

झेंड्याच्या आधीच, कॅझ बोलायच्याही आधी, मी त्याची कुदळ घेऊन अवजारांच्या खोलीकडं गेलो होतो. कुलूप लागलेलं. किल्ली रात्रभर माझ्या कमरेला. खिडकी त्या खोलीला नाहीच. दार उघडलं, कुदळ टांगायला सतराव्या खिळ्याकडं हात नेला...

खिळा रिकामा नव्हता.

त्यावर नाल अडकवलेली होती. माझ्या हातची. तिरक्या खिळ्याचं भोक तसंच. जी मी पाच महिन्यांपूर्वी पेटीत जाताना बघितली होती.

मी ती हातात घेतली. गार होती. आणि तिच्यावरची माती अजून ओली होती.