काळी चिंधी

यात तिखटमीठ लावलेलं काही नाही. जिच्यावर हा प्रसंग आला, ती गुडरून राप आजही ओबर्नडॉर्फला, नेकार नदीच्या वरच्या अंगाला, त्याच घरात राहते. वय बावन्न. इस्पितळात रक्त तपासायचं काम करते. कुणी भुताखेतांच्या गप्पा काढल्या की उठून भांडी घासायला जाणारी बाई.

दिवस रविवारचा. १० नोव्हेंबर २०१९. सकाळचे अकरा वाजायला दहा मिनिटं होती आणि बाहेर लख्ख ऊन पडलं होतं.

वेळ मुद्दाम सांगितली. असल्या गोष्टी अंधारातच घडतात, असं आपण उगाच धरून चालतो.

गुडरूनचे वडील ओटमार सप्टेंबरात गेले. गावातल्या बंदुकांच्या कारखान्यात त्यांनी चाळीस वर्षं यंत्रावर काम केलं. हौस एकच. जुनी जर्मन लष्करी पिस्तुलं जमवायची. दोन्ही महायुद्धांतली. एक गोळी सुटली की तिचं रिकामं पितळी आवरण बाहेर उडून पडतं आणि पुढची आपोआप नळीत चढते, त्या जातीची. असल्या पिस्तुलाच्या प्रत्येक सुट्या भागावर तोच एक नंबर कोरलेला असतो. सगळे नंबर जुळले तरच खऱ्या शौकिनाचं समाधान होतं. एका खिळीसाठी ओटमार सहा वर्षं गावोगाव हिंडले होते.

अशी अकरा पिस्तुलं त्यांनी मागे ठेवली.

वारसाला ती ठेवायची तर प्रत्येक नळीत पोलादी कुलूप बसवून घ्यावं लागतं. तसा तिथला कायदाच आहे. ते काम ओटमारचे जुने मित्र, बंदुका दुरुस्त करणारे एगॉन यांनी केलं. नळीच्या मागच्या टोकाला कुलूप ठोकलं आणि त्यावर आपला शिक्का मारला.

"आता यातून गोळी काय, माशीसुद्धा बाहेर येणार नाही," एगॉन म्हणाले.

गुडरूनला ती पिस्तुलं घरात नको होती. गावातलं छोटं संग्रहालय वसंतात सगळी घेणार होतं. काचेचं कपाट, आणि वर पाटी... 'ओटमार राप यांचा संग्रह'. ज्या माणसाचं नाव आयुष्यभर फक्त हजेरीपटावर लागलं, त्याचं नाव गावाने वाचायचं.

त्याआधी एकच अडसर होता. शस्त्र खात्याचे अधिकारी क्नोप २६ नोव्हेंबरला तपासणीला येणार होते. एखादं पिस्तूल उडवल्याची खूण जरी सापडली, तरी अकराच्या अकरा जप्त होणार आणि गुडरूनवर खटला होणार.

तर त्या रविवारी ती स्वयंपाकघरात बटाटे सोलत होती. चर्चच्या घंटा सुरू झाल्या.

आणि खाली तळघरात...

टिंग.

पितळेची छोटीशी वस्तू फरशीवर पडावी तसा आवाज. मग ती घरंगळत गेली. थांबली.

गुडरून हातातल्या सुरीसकट खाली उतरली. फरशी स्वच्छ. खिडकी बंद. पिस्तुलांची तिजोरी बंद. किल्ली तिच्याच गळ्यात.

पण वास होता.

एकतीस डिसेंबरचे फटाके संपल्यावर गल्लीभर राहतो, तसला जळका वास.

तिने तिजोरी उघडली. अकरा पिस्तुलं जागच्या जागी होती. वास येत होता १९१७ सालच्या लुगर पिस्तुलाला. वडील नळी पुसायला वापरायचे ती पांढरी चिंधी आणि काडी शेजारीच होती. तिने चिंधी तोंडाकडून आत सारली, कुलपापर्यंत. बाहेर काढली.

काळी. काजळीने माखलेली.

एगॉन दुपारीच आले. भिंग डोळ्याला लावून त्यांनी कुलूप तपासलं.

"शिक्का माझाच आहे. कुणी हात लावलेला नाही."

"मग ही काजळी कुठली, काका?"

"जुनी असेल. शंभर वर्षांचं पिस्तूल आहे, पोरी. शंभर वर्षांच्या म्हाताऱ्याला दहा वेळा आंघोळ घातली तरी मळ निघतोच."

"आणि वास?"

एगॉननी भिंग पुसलं. खिशात ठेवलं. पुन्हा काढून पुसलं.

"तुझा बाप हे एकच पिस्तूल दर आठवड्याला पुसायचा," ते म्हणाले. "बाकीची वर्षातून एकदा. मी चिडवायचो, लग्नात बायकोकडे एवढं पाहिलं नसशील, म्हणून. तो हसायचा नाही."

"कधी पुसायचे?"

"रविवारी. घंटा झाल्या की."

पुढच्या रविवारी गुडरून साडेदहालाच तळघरात खुर्ची टाकून बसली. तिजोरीसमोर. हात मांडीवर. मनाला बजावत होती... उंदीर असेल. नळ असेल. काहीतरी असेलच.

घंटा सुरू झाल्या.

तिजोरीच्या दाराकडे ती टक लावून बघत होती. पापणी हलवली नाही.

टिंग.

आवाज आतून आला. बंद तिजोरीच्या आतून.

मग तो घरंगळण्याचा आवाज... सावकाश... एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

तिजोरीच्या तळाला जाड लोकरी कापड चिकटवलेलं होतं. वडिलांनीच चिकटवलं होतं. त्यावर वाटी आपटली असती तरी आवाज झाला नसता.

चिंधी पुन्हा काळी निघाली. दुसरीही. तिसरी राखाडी. चौथी पांढरी.

चिंध्या संपल्या म्हणून ती फळीवर नव्या शोधू लागली. प्लमच्या मुरंब्याच्या बाटल्या बाजूला केल्या. मागे काकडीच्या लोणच्याच्या तीन मोठ्या बरण्या होत्या.

लोणचं नव्हतं त्यांत.

काळ्या चिंध्या होत्या. गच्च भरलेल्या. शेकडो.

वडिलांना कधी तरी विचारायला हवं होतं, असं तिला वाटलं. रविवारी जेवायला उशीर झाला की आई ओरडायची, आणि ते म्हणायचे, "आलो, हात धुतो." दरवेळी तेवढंच. ती पोरगी असल्यापासून.

२४ तारखेच्या रविवारी पुन्हा टिंग झालं. तिने नळी पुसली. सोमवारी पुन्हा पुसून पाहिली. पांढरीशुभ्र. मंगळवारी क्नोप साहेब यायच्या आधी, सकाळी नऊला, आणखी एकदा. पांढरीशुभ्र.

तेव्हा कुठे तिला घोटभर कॉफी गेली.

क्नोप साहेब दहाला आले. पाय पुसून, टोपी काढून. स्वभावाने बरा माणूस.

"राप बाई, घाबरू नका. नंबर जुळवायचे, कुलपं बघायची, अर्ध्या तासात मी बाहेर. तुमचे वडील मला दरवेळी केक द्यायचे, एवढं सांगून ठेवतो."

"केक आहे," गुडरून म्हणाली.

"मग पाऊण तास."

तिने तिजोरी उघडली. ते एकेक पिस्तूल उचलून नंबर वाचत होते. एक. दोन. तीन. ती मनात मोजत होती. आठवं ते लुगर.

त्यांनी ते उचललं... आणि झटकन खाली ठेवलं.

बोटं चोळत ते नळीकडे बघत राहिले.

"बाई," ते हळूच म्हणाले, "हे गरम आहे."

आज मंगळवार होता. घंटा नव्हत्या. काही पडल्याचा आवाज नव्हता.

गुडरूनने हात पुढे केला. नळी खरंच गरम होती. तव्यावरून उतरवलेल्या भाकरीसारखी.

क्नोप साहेबांनी कुलूप पाहिलं. शिक्का पाहिला. खिशातला रुमाल काढून त्याचं टोक नळीत घातलं. काळं झालेलं टोक ते बराच वेळ न्याहाळत होते.

"किल्ली कुणाकडे असते?"

"माझ्याकडे."

"मी आल्यापासून तुम्ही माझ्यासमोर आहात," ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. "हे मी कागदावर लिहू कसं? आणि लिहिलं नाही तर..."

ते खुर्चीवर बसले.

"एक मार्ग आहे. हे एक पिस्तूल तुम्ही आपखुशीने सरकारजमा करा. मी नेतो, वितळवायला पाठवतो. बाकी दहा नीट आहेत असा शेरा देतो. नाहीतर सगळीच जातील."

गुडरूनला वडिलांचा चेहरा आठवला. दवाखान्यातल्या खाटेवर ते म्हणाले होते, अकरा एकत्र राहू देत. त्या वेळी तिला तो हौशी माणसाचा हट्ट वाटला होता.

तिने सही केली.

क्नोप साहेबांनी केक खाल्ला नाही.

दोन दिवसांनी संग्रहालयाच्या एटिंगर बाईंचा फोन आला. दहा असली तरी चालतील, कपाट तयार आहे, पाटीचं अक्षर कसं हवं? गुडरून खूप दिवसांनी मोकळं हसली. बाबांचं नाव लागणार होतं.

१ डिसेंबर. रविवार. घंटा झाल्या. ती ओट्याशी कणीक मळत होती. हात थांबवून तिने कान दिला.

काही नाही.

घंटा संपल्या. तरी काही नाही.

घर अगदी शांत होतं. तिने कणीक झाकून ठेवली. तिला खाली जायचं नव्हतं. ती गेली.

तिजोरी उघडली. वास नव्हता. पहिल्या नळीत चिंधी घातली. पांढरी. दुसरी, पांढरी. तिसरी, पांढरी. आपण वेड्यासारखं करतोय, असं वाटून ती थांबणार होती.

चौथं लाकडी मुठीचं. ते तर वडिलांनी वर्षानुवर्षं हातातही घेतलं नव्हतं.

चिंधी काळी निघाली.

त्याच्या पुढच्या रविवारी ते लाकडी मुठीचं स्वच्छ होतं. नववं काळं निघालं.

एगॉनना तिने सांगितलं. ते ऐकत राहिले आणि शेवटी एवढंच म्हणाले, "बापाने त्याला त्या एका पिस्तुलात बसवून ठेवलं होतं म्हणायचं." कुणाला, ते गुडरूनने विचारलं नाही. त्यांनी सांगितलंही नाही.

जानेवारीत तिने संग्रहालयाला नकार कळवला. एटिंगर बाई दुखावल्या.

"अहो, पाटी कोरून झाली. तुमच्या वडिलांचं नाव लावायचं ठरलं होतं ना?"

"तुमच्याकडे शाळेतली मुलं येतात ना बघायला?"

"येतात की. बुधवारी दोन-दोन वर्ग येतात. काचेला नाक लावून उभी राहतात. का हो?"

"नळ्या कोण पुसणार?"

"म्हणजे?"

गुडरूनने फोन ठेवला.

पाटी कुठे गेली, तिला ठाऊक नाही. पिस्तुलं तळघरातच आहेत. दर रविवारी घंटा झाल्या की ती खाली जाते, दहा चिंध्या घेऊन. नऊ पांढऱ्या निघतात.

दहावी कुठल्या नळीतून काळी निघेल, ते तिला आधी कधीच कळत नाही.

पूर्वी निदान आवाज तरी यायचा...