मोकळ्या गाडीचं माप

माणूस आयुष्यभर सत्याच्या शोधात असतो, असं मोठमोठी माणसं सांगून गेली आहेत. असेलही. मी त्या वर्षी गाडीच्या चार रिमांच्या शोधात होतो आणि तेवढ्यानंच माझी हौस पुरेपूर भागली.

गाडी वडिलांची. चार दारांची, पुढून गोल, मागून गोल. रंग कागदोपत्री हस्तिदंती. प्रत्यक्षात, दातांच्या डॉक्टरला घाबरणाऱ्या माणसाच्या दातांचा असतो तो. घरामागच्या शेडमध्ये ती एकतीस वर्षं विटांवर उभी होती. चाकं नव्हती. ती वडिलांनी स्वतः नट सोडवून काढली होती आणि भंगारात देऊन टाकली होती.

त्याचं कारण माझा थोरला भाऊ. दादा तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. भरतीला गेला होता, तिथल्या काट्यावर अठ्ठेचाळीस किलो भरला आणि त्याला परत पाठवलं. आईनं भरतीआधी दोन महिने त्याला दिवसातून पाच वेळा जेवायला घातलं होतं. ते कुठे जात होतं, देव जाणे. परत आला त्याच संध्याकाळी त्यानं न विचारता गाडी काढली आणि मागचं डावं मडगार्ड फाटकाच्या खांबाला घासून आणली. वडील एकच वाक्य बोलले, "या गाडीत पुन्हा बसायचं नाही." ते गाडीबद्दल बोलत होते. दादानं ते घराबद्दल ऐकलं. सकाळी तो एक पिशवी घेऊन गेला. पत्र नाही, फोन नाही. आठव्या दिवशी वडिलांनी चाकं काढली. का, ते त्यांना कुणी विचारलं नाही. आमच्या घरात विचारण्याची पद्धतच नव्हती. पुढे वडीलही गेले.

आई मात्र त्या घरातून हलेना. वय एक्याऐंशी, वर्षभरात दोनदा न्हाणीघरात पडलेली. दुसऱ्या वेळी तीन तास तिथंच होती. मी तिला आमच्या फ्लॅटवर आणायचं म्हणत होतो.

"आणि तो आला तर?" आई म्हणाली.

"शेजाऱ्यांकडे आपला पत्ता ठेवू."

"तो शेजाऱ्यांशी बोलत नाही."

एकतीस वर्षं बेपत्ता असलेल्या माणसाबद्दल ती वर्तमानकाळात बोलायची, आणि तेही तक्रारीच्या सुरात. शेवटी एकदा वैतागून म्हणाली, "नेणारच असशील तर त्या गाडीतून ने. गाडी चालायला लागली की त्याला कळेल."

"कसं कळेल?"

"तुला कॉलेजात एवढं शिकवतात, तरी मलाच विचारतोस?"

"आई, मी शिकवतो. पदार्थविज्ञान."

"तेच ते."

बायको म्हणाली, "बाकीची माणसं आईला टॅक्सीनं आणतात." पण तिनंही मनावर घेतलं. कारण तिसऱ्यांदा पडल्यावर आणायला आई उरणार नाही, हे आम्हा दोघांनाही कळत होतं. ते बोलायचं नाही, असं आमचं न बोलता ठरलं होतं.

इंजिन, ब्रेक, पत्रा, रंग, सगळं एकेक करून उरकलं. चाकांवर अडलं. त्या मापाचे टायर आता निघत नाहीत. मिळतात ते रुंद; त्यांना रिम रुंद; आणि रुंद रिम मडगार्डाला घासते. म्हणून रिमा मापानं बनवून घ्याव्या लागतात. यासाठी मला ज्या माणसाकडे पाठवलं, त्याला सगळे मिलीमीटर म्हणत. साठीच्या आसपासचा, सडपातळ, कानावर पेन्सिल, खिशात स्टीलची पट्टी. त्याच्याशी हात मिळवला तर तो आपल्या पंज्याची रुंदी मनात टिपून ठेवतोय असं वाटे.

त्याचा एकच नियम होता. मोकळ्या गाडीचं माप घ्यायचं. आत माणूस नको, सामान नको, डिकीत पान्हासुद्धा नको. तात्पुरती जुनी चाकं लावायची, गाडी दोनदा पुढे-मागे ढकलायची म्हणजे स्प्रिंगा जागेवर बसतात, मग प्रत्येक चाकाच्या मध्यापासून वर मडगार्डच्या कडेपर्यंत पट्टी धरायची. "माणसं मागाहून बसतात, सर. गाडी आधी असते," तो म्हणाला. मला हे वाक्य वर्गात वापरण्यासारखं वाटलं. कुठल्या धड्याला, ते सुचलं नाही.

त्या दिवशी मापं आली ती अशी: पुढे दोन्हीकडे तीनशे बहात्तर, मागे दोन्हीकडे तीनशे अठ्ठावन्न. मिलीमीटरनं ती वहीत तारखेसह लिहिली आणि त्यांवरून रिमा बनवायला टाकल्या. बनून यायला पाच आठवडे. तोवर गाडी त्याच्याच शेडमध्ये राहिली. रंगाचा आणि नव्या सीटच्या रेक्झिनचा वास जावा म्हणून त्यानं चारही दारं उघडी टाकली होती.

पाच आठवड्यांनी फोन आला.

"सर, एकदा येऊन जा."

"बसली का चाकं?"

"चाकं बसली." मग थोडं थांबून, "या तुम्ही."

शनिवार, दुपारचे तीन. शेडच्या पत्र्यातून ऊन खाली उतरलं होतं, सगळीकडे नव्या रबराचा वास. गाडी फार देखणी दिसत होती. नव्या रिमा करड्या, टायर काळेभोर, त्यांवरचे रबराचे बारीक केस अजून गेले नव्हते. मिलीमीटर मागच्या डाव्या चाकापाशी उकिडवा बसला होता. त्यानं मडगार्डच्या आतल्या कडेला खडू फासला होता आणि गाडी एकदा अंगणात फिरवून आणली होती. तीन टायर स्वच्छ. चौथ्यावर खडूची पांढरी रेघ, पूर्ण गोल.

"घासतंय," तो म्हणाला.

त्यानं पट्टी धरली. उजवीकडे तीनशे अठ्ठावन्न. डावीकडे तीनशे सदतीस.

"स्प्रिंग गेली असेल," मी म्हणालो.

"मलाही तेच वाटलं." त्यानं काल दिवसभर काय केलं ते सांगितलं. डावी स्प्रिंग उजवीकडे घातली, उजवी डावीकडे. तरी डावी बाजूच खाली. चाकं बदलली. गाडीचं तोंड फिरवून उभी केली, जमीन तिरपी असेल म्हणून. पाण्याची नळी लावून फरशीची पातळी तपासली. तरी डावी बाजूच खाली. डिकी रिकामी, पेट्रोल टाकी मधोमध. "एकवीस मिलीमीटर. सर, मी तीस वर्षांत दोन मिलीमीटरसुद्धा चुकलेलो नाही."

मला त्या माणसाची कीव आली. मी त्याला समजावलं, की स्प्रिंग दबते म्हणजे वजन असणार. वजन किती ते काढू, मग ते कुठे आहे ते सापडेल. साधं गणित आहे. तो वाळूच्या पिशव्या घेऊन आला. मागच्या सीटवर उजव्या बाजूला आम्ही एकेक पिशवी ठेवत गेलो आणि प्रत्येक पिशवीनंतर तो पट्टी धरत गेला. दोन्हीकडे तीनशे सदतीस झालं तेव्हा त्यानं पिशव्या काढून काट्यावर टाकल्या.

एकाहत्तर किलो.

"एका माणसाचं वजन," मिलीमीटर म्हणाला.

"किंवा एकाहत्तर किलो कशाचंही," मी म्हणालो. पदार्थविज्ञान.

आम्ही मागची सीट काढली. सीटखाली काही नव्हतं. पट्टी धरली: दोन्हीकडे तीनशे साठ, सीटच्या वजनाएवढंच वर. म्हणजे दोष सीटमध्ये. सीट काट्यावर ठेवली: सतरा किलो, नवीन सीटचं असतं तेवढं. तिच्या डाव्या बाजूला रेक्झिन जरासं बसलं होतं, उजवीकडे कोरं ताठ. सीट उजव्या दारातून आत सरकवून परत बसवली. पट्टी. तीनशे अठ्ठावन्न. दोन्हीकडे.

"झालं," मी म्हणालो. "नीट बसली नव्हती."

मिलीमीटर गाडीला वळसा घालून पलीकडे गेला आणि त्यानं मागचं डावं दार उघडलं.

आम्ही दोघंही बघत होतो. दोन-तीन सेकंद काहीच झालं नाही. मग स्प्रिंग बारीक कुरकुरली आणि गाडी डावीकडे खाली आली. सावकाश. कुणी दमून बसावं तशी.

त्यानं दार लावलं. पट्टी धरायची गरज नव्हती, तरी धरली.

"कोण आहे, सर?"

"मला काय माहीत?" मी म्हणालो. माझा आवाज वर्गात पाठीमागच्या बाकापर्यंत जातो, तो त्याच्यापर्यंत गेला नाही. त्यानं तेच पुन्हा विचारलं नाही.

मी मनात हिशेब केला. दादा अठ्ठेचाळीस किलोचा होता. म्हणजे हा तो नव्हे. मला केवढं हायसं वाटलं. मग वहीतली पाच आठवड्यांपूर्वीची तारीख दिसली, दोन्हीकडे तीनशे अठ्ठावन्न. आणि माझ्या लक्षात आलं की दादा आता पन्नास वर्षांचा असणार. किंवा पाच आठवड्यांपूर्वीपर्यंत होता.

मी स्वतःकडे पाहिलं. मी चौऱ्याहत्तर किलोचा आहे. आमच्यात सगळेच चाळिशीनंतर सुटतात.

"दोन मार्ग आहेत," मिलीमीटर म्हणाला. त्याला हुरूप आला होता. माप सापडलं की त्याला बाकी कशाची भीती वाटत नसावी. "सीट काढून पुन्हा उजवीकडून बसवायची, आणि हे दार उघडायचंच नाही. मग टायर घासणार नाही. नाहीतर..."

"पहिला," मी म्हणालो.

मला आईला न्यायचं होतं. मला तिला जिवंत न्यायचं होतं, आणि दादाची वाट बघणंच तिला जिवंत ठेवत होतं. ते संपलंय असं तिला एका टायरनं सांगावं, हे मला नको होतं. आम्ही सीट काढली, बसवली, डावं दार आतून कुलूप लावून बंद केलं. मी गाडी घरी चालवत नेली. रस्ताभर एकही आवाज आला नाही. एवढी शांत गाडी मी चालवलेली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई जुन्या घराच्या फाटकापाशी उभी होती. हातात एक पिशवी, बाकी सामान बायकोनं आधीच नेलं होतं. आईनं गाडीभोवती एक फेरी मारली. चाकं पाहिली. मडगार्डवरून हात फिरवला, जिथे पूर्वी घासलं होतं तिथेच. नंतर मागचं डावं दार ओढलं. उघडलं नाही.

"हे का लावलंयस?"

"बिघडलंय. तू पुढे बस ना, आई."

"उघड."

"आई, पुढून दिसतं नीट..."

"या दाराला आतून खिट्टी आहे. तुझ्या बापानं मला शिकवली होती गाडी. उघड."

मी उघडलं.

ती बाजूला झाली. दार धरून उभी राहिली, पाहुण्यासाठी राहतात तशी.

स्प्रिंग कुरकुरली.

आईनं दार हलकेच लावलं. डिकीला हात टेकत मागून वळसा घालून उजवीकडे आली आणि मागच्या सीटवर, उजव्या खिडकीपाशी बसली. मधली जागा सोडून. लहानपणी ती जागा माझी असायची.

"चल," ती म्हणाली.

पहिल्याच गतिरोधकावर मागून आवाज आला. खर्र. पुढच्या खड्ड्यात पुन्हा. खर्र.

"कसला आवाज?"

"मागचं डावं चाक घासतंय."

"का?"

मी आरशात पाहिलं नाही. "वजनामुळे."

"किती आहे?"

मला खोटं बोलता आलं असतं. पण आकड्यांच्या बाबतीत मला ते जमत नाही.

"एकाहत्तर."

दोन चौक गेले. मागून खर्र, खर्र.

"म्हणजे भरलं की रे वजन," आई म्हणाली. आणि मग, "कुणीतरी नीट जेवायला घालत होतं."

ती रडली नाही. फ्लॅटखाली पोहोचल्यावर तिनं पुन्हा पत्त्याचा, शेजाऱ्यांचा विषय काढला नाही. तो तिनं त्यानंतर कधीच काढलेला नाही. ती उतरली, डावीकडे आली, दार उघडलं आणि थांबली. गाडी वर आली नाही.

"लाव दार," ती मला म्हणाली. "दमला असेल. बसू दे."

आई आता बरी आहे, न्हाणीघरात धरायला दांडा बसवलाय. बायको हल्ली गाडीत पुढेच बसते. मागच्या आठवड्यात मिलीमीटरनं डावीकडच्या स्प्रिंगमध्ये एक पोलादी पाटा जादा घातला. आता टायर घासत नाही.