पाचव्या वर्षाची चोरी

शेवटी सगळे रडले. शिलाई मशीननेही आवाज काढला, पण तिला तेल हवं होतं. असो. हे तुम्ही वाचलेलं नाही. अजून सकाळ आहे आणि कुणीच रडलेलं नाही.

शिंप्याची मुलगी भिंगताईंच्या दारात उभी होती. भिंगताई खासगी गुप्तहेर. सोबत त्यांच्या बहिणीचा नवरा, दाजी. ते पुरावे सांभाळत आणि बहुधा त्यांवरच बसत.

"दुकानासाठी पाच वर्षांची योजना केलीय," मुलगी म्हणाली. "फळ्यावर पाच चौकोन. आधी गिऱ्हाइकांची मापं संगणकात, मग ऑर्डरी फोनवर, मग कापडं कापायचं यंत्र, मग दुसरी शाखा. पाचव्यात, 'मी पूर्णवेळ दुकानात'. रोज कुणीतरी तेवढाच चौकोन पुसतं. बाबांना योजना नको असेल तर तसं सांगावं. आजच संगणक परत करते!"

दुकानात कापड कापायला असलेल्या काकू काजं करत होत्या.

"यंत्र आलं की तुमचं काम जाणार," दाजी प्रेमाने म्हणाले.

"म्हणून मी पुसलं? अहो, मी अख्खा फळा पुसला असता. वर तुम्हालाही."

भिंगताईंनी फळा न्याहाळला. पुसल्याची कड पट्टी धरल्यासारखी सरळ होती.

शिंपी एका पोराच्या पँटचं कापड आत मुडपत होता.

"एवढं आत? वाया नाही जात?" दाजींनी विचारलं.

"पोर वाढतं. मग उसवलं की सापडतं."

"संगणक आवडला?" भिंगताईंनी विचारलं.

"झकास! काल माझ्या पोटाचं माप भरलं. त्याने दोनदा विचारलं, खात्री आहे का."

दाजींनी खिडकीतलं एक रिकामं रीळ उचललं. शिंपी ओरडला, "ठेवा! पूल पडेल!"

खिडकीत खरंच रिळांचा पूल होता.

"लहानपणी मी बांधलेला," मुलगी पुटपुटली. "पूल बांधायचं शिकायला जाणार होते. पण दुकान कोण बघणार?"

भिंगताईंनी सगळ्यांना एका बाकावर बसवलं.

"दाजी, गुन्हेगार कोण?"

"इस्त्री."

"बसा. संगणकाचा राग असता तर पहिला चौकोन गेला असता. यंत्राची भीती असती तर तिसरा. गेला तो फक्त मुलीला दुकानात अडकवणारा. पुसतानाही पट्टी लागते ती शिंप्याला. वाढत्या पोराचं कापड अंगाबरोबर कापायचं नाही, थोडं आत राखायचं, हा ज्याचा नेम आहे, आणि रिळांचा पूल जो अजून पडू देत नाही, त्यानेच पाचवं वर्ष मोकळं ठेवलं."

शिंप्याने मान खाली घातली. "चार वर्षांत तुझ्या यंत्रांवर काकू आणि मी दुकान चालवू की. तू कशाला स्वतःला त्यात शिवून घेतेस? जा, पूल बांध."

"मग सांगायचं ना, बाबा!"

"सांगायला आलो की तू संगणकाचा पासवर्ड पाठ झाला का विचारायचीस."

पुढे जे झालं ते तुम्ही वाचलेलं नाही.

मग शिंप्याने डोळे पुसले, पट्टी धरली आणि पाचव्या चौकोनात सुवाच्य अक्षरात लिहिलं:

'सविनय विनंती की, अर्जदाराची मुलगी आहे त्याच मापात कायम ठेवण्यात येऊ नये; वाढायला जागा राखण्यात यावी.'