नळीतली कुंभारीण

ही गोष्ट खरी आहे. खोटी असती तर एव्हाना सरकारी अहवालात आली असती.

तारीख १४ मार्च १९८४, बुधवार. जागा रत्नागिरीजवळच्या मिरजोळ्याच्या सड्यावरची, म्हणजे कातळाच्या माळावरची धावपट्टी. वेळ भर दुपारी बाराची.

भुतं रात्रीच निघतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी मार्चच्या उन्हात, बारा वाजता, कातळावर एकट्याने उभं राहून बघावं.

ज्याच्यावर हे बेतलं तो आत्माराम आमच्या शेजारच्या वाडीतला. धावपट्टीवर चौकीदार होता. काम म्हणजे गुरं हाकलणं, वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी फाटली की शिवणं, आणि एका जाडजूड वहीत नोंदी करणं. विमानाचा नंबर, उडण्याची वेळ, उतरण्याची वेळ, शेरा. विमानं महिन्यातून चार यायची. गुरं रोज यायची. गुरांची नोंद ठेवण्याचा हुकूम नव्हता.

त्या फेब्रुवारीच्या शेवटी मुंबईकडचं एक छोटं विमान तिथे अडकून पडलं. दोन माणसांचं, एका पंख्याचं, पोरांना उडायला शिकवायचं. इंजिनात काहीतरी बिघडलं होतं. सुटा भाग यायला दोन आठवडे लागणार होते.

शिकवणारे निजसुरे साहेब मुंबईला परतण्याआधी आत्मारामला विमानाच्या डाव्या पंखाखाली घेऊन गेले. तिथे बोटाएवढी एक नळी पुढे आलेली होती.

"आत्माराम, हिच्यात वारा शिरतो, तेव्हा आतला काटा वेग सांगतो. ही बुजली तर काटा खोटं बोलतो, आम्ही आंधळे. हिची टोपी काढू नकोस."

टोपी लाल चामड्याची होती. आत्मारामने काढली नाही. ती तिसऱ्या दिवशी एका वासराने चघळली.

आत्मारामने नवी टोपी मागण्यासाठी ऑफिसला पत्र लिहिलं. उत्तर आलं, 'सदर टोपी कोणत्या प्रकारच्या साहित्यात मोडते ते कळवावे.'

तो कळवेपर्यंत नळीत कुंभारीण शिरली.

कुंभारीण म्हणजे ती बारीक कमरेची माशी. ओल्या मातीचा एकेक गोळा आणून घर लिंपते. आमच्याकडे कुणी पोटुशी असेल आणि कुंभारणीने घर बांधलं, तर ते मोडत नाहीत. मोडलं की पोटातलं जातं म्हणतात. खरंखोटं देव जाणे. पण मोडून बघणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

आणि आत्मारामची मुलगी कमळा तेव्हा सात महिन्यांची पोटुशी, माहेरी आलेली. आधीची तीन गेलेली.

रात्री जेवताना त्याने बायकोला, काशीला, सांगितलं.

"अगो, विमानाच्या नळीत कुंभारीण घर बांधतेय."

काशीचा हात भातातच थांबला. "हात लावू नका हां तिला."

"सरकारी जागा हाय गो ती."

"कुंभारणीला काय म्हाईत सरकारी का खाजगी? चौथ्या खेपेस दिवस राहिलेत पोरीला. तुमी गप बसा."

आत्माराम गप बसला. विमान उडायच्या दिवशी काडी घालून नळी मोकळी करू, असं त्याने मनाशी ठरवलं.

तो दिवस म्हणजे चौदा मार्च. मिस्त्री आदल्या दिवशी इंजिन दुरुस्त करून गेला होता. निजसुरे साहेब एकटेच वर नेऊन बघणार होते.

सकाळी आत्माराम काडी घेऊन पंखाखाली गेला.

नळीचं तोंड मातीने गुळगुळीत बंद झालं होतं...

म्हणजे आत अंडं होतं. कुंभारीण अंडं घातल्यावरच दार लिंपते.

त्याने काडी नळीपर्यंत नेली आणि मागे घेतली. काडी हातातच राहिली. एवढंसं ढेकूळ, एवढं मोठं विमान, काय अडतंय... असं त्याला वाटलं, की त्याने वाटून घेतलं, ते त्याचं त्यालाही सांगता येत नाही.

साहेब आले ते इंजिनात डोकं घालून बसले. तेल बघितलं, पेट्रोल बघितलं. सगळं लक्ष इंजिनाकडे. मग घाईने वर चढताना हाक मारली,

"आत्माराम, बघितलंस ना सगळं?"

"होय साहेब."

अकरा पन्नासला विमान उडालं. वहीत वेळ पडली.

इंजिन शेवटपर्यंत छान चाललं. एवढंच नवल. सगळ्यांना ज्याची भीती, त्याने काही केलं नाही. धावपट्टीवर दोन फेऱ्या झाल्या. तिसऱ्या फेरीला विमान चढायला लागलं आणि नाक वर, आणखी वर... घाट चढणाऱ्या एस.टी.सारखं.

मग आवाज चालू राहिला आणि विमान हवेतच थांबलं.

डावा पंख खाली गेला. काजूच्या झाडांमागे धूळ उठली.

बारा वाजून पाच मिनिटं.

आत्माराम आधी पोचला. साहेब पट्ट्यात बसलेलेच होते. डोळे उघडे. समोरच्या काट्याकडे बघत असल्यासारखे.

नळी दहा हातांवर गवतात पडली होती. विमानाचे तुकडे झाले होते. मातीला साधा तडा नव्हता.

आत्मारामने ती उचलली आणि खिशात घातली. नोकरीसाठी की कमळासाठी, हे मी त्याला एकदा विचारलं. म्हणाला, "तेव्हा दोन्हींची जागा एकच होती. खिसा."

घरी नेऊन त्याने ती माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत ठेवली. फेकणार कशी? आत घर होतं.

चौकशीला मुंबईचे एक साहेब आले. दोन दिवस राहिले. सरंग्याचं कालवण जेवता जेवता त्यांनी आत्मारामला विमानं पडण्याची कारणं सांगितली. पेट्रोलमध्ये पाणी शिरतं. पंख्यात पक्षी येतो. मिस्त्री बोल्ट आवळायला विसरतो. आतमध्ये फडकं राहून जातं.

"आणि ह्यातलं कायच सापडला नाय तर?"

"तर वैमानिकाची चूक," साहेब काटा काढत म्हणाले. "इथे वेग कमी झाला तरी त्याने नाक वर ठेवलं. शिकाऊ पोरगासुद्धा असं करत नाही."

कारणांच्या यादीत मेलेला माणूस शेवटी हमखास सापडतो. त्याला उलट बोलता येत नाही. हरवलेल्या नळीबद्दल त्यांनी लिहिलं, 'आढळली नाही. गुरांनी नेली असण्याची शक्यता.'

मग निजसुऱ्यांचे वडील आले. सांगलीचे निवृत्त मास्तर. हातात छत्री, पायात धुळीने भरलेल्या वहाणा. ती जागा त्यांनी बघितली. तिथून चिमूटभर तांबडी माती कागदात बांधून घेतली.

"पोरांना शिकवायचा हो तो," ते म्हणाले. "म्हणतात, त्याला स्वतःलाच येत नव्हतं. तुम्ही इथे होतात. चूक त्याचीच होती का?"

आत्मारामच्या तोंडाशी आलं होतं.

"साहेबलोकांनाच ठाऊक," तो म्हणाला.

मास्तरांनी मान हलवली. उन्हात छत्री उघडायचंही विसरले. तसेच चालत गेले.

त्यानंतर दहा दिवसांनी आवाज सुरू झाला.

भर बाराला. उत्तरेकडून, मंडणगडच्या बाजूने... एका पंख्याच्या इंजिनाचा. आत्माराम वही घेऊन बाहेर आला. आकाश स्वच्छ. कापडी पिशवी काठीला लोंबत होती.

आवाज डोक्यावर आला. घिरटी घातली. दुसरी घातली. खाली येतोय असं वाटलं...

आणि पट्टीवर बसलेली गुरं उठली. दहा वर्षं काठी मारून जी हलली नव्हती, ती आपणहून दोन्ही बाजूंना सरकून उभी राहिली. मधे वाट सोडून.

उतरलं काहीच नाही. आवाज विरून गेला. गुरं मात्र बराच वेळ तशीच उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच.

ऑफिसातून तेवढ्यात पत्र आलं. '१४ मार्च रोजी उडालेल्या विमानाच्या नोंदीत उतरण्याची वेळ कोरी का?' आत्मारामने कळवलं, 'विमान उतरले नाही, पडले.' उलट उत्तर आलं, 'पडणे असा रकाना नाही. पूर्तता करावी.'

मे उजाडला. आवाज रोज. आता तो सड्यावरून निघून वाडीपर्यंत यायचा. काशी म्हणायची, "कसली मेली घरघर ही?" म्हणजे तिलाही ऐकू येत होतं.

कमळाला कळा सुरू झाल्या त्या एका संध्याकाळी. रात्र गेली. सकाळ गेली. मूल येईना. रत्नागिरीहून गाडी सांगितली होती, तिचा पत्ता नव्हता. सगुणा सुईण घामाने भिजली होती.

"अडकलंय," ती म्हणाली. "घरातला बंद हाय ता सगला उघडा. कुलपा काढा, गाठी सोडा, डब्यांची झाकणा उघडा."

ही आमच्याकडची जुनी रीत. बाळंतीण अडली की घरात काही बंद ठेवायचं नाही. काशीने तांदळाच्या पिंपापासून हळदीच्या डबीपर्यंत सगळं उघडलं. गाईचं दावं सोडलं. आत्मारामने करगोटासुद्धा सोडला.

कमळाचा आवाज बसत चालला होता.

सगुणा दारात आली. "आत्माराम, अजून कायतरी बंद हाय. काय ठेवलाव तुमी?"

"काय नाय गो."

"खोटा बोलू नको मेल्या. पोर जाईल हातची."

आणि तेव्हाच... कौलांवर घरघर आली. बारा वाजले होते.

आत्माराम माळ्यावर चढला. पेटी उघडली. नळी हातात घेतली. माती तशीच, गुळगुळीत. मोडावी तर पोटातलं जाईल. न मोडावी तरी जाईल. अडीच महिने तो ज्या काडीपासून पळाला होता, ती शेवटी त्याने झाडूतूनच मोडून घेतली.

डोळे मिटले आणि खुपसली.

आत माशी नव्हती. अळीही नव्हती.

वारा होता.

नळीतून वारा यायला लागला. बोटाएवढ्या नळीतून, बंद माळ्यावर... थंडगार, पेट्रोलच्या वासाचा, थांबेचना. कोळिष्टकं हलली. कौलं खडखडली. कुणीतरी फार वेळ कोंडून धरलेला श्वास सोडावा, तसा.

मग लांब सड्यावर चाकं टेकल्याचा आवाज झाला.

आणि खाली मूल रडलं.

"मुलगा गो!" सगुणा ओरडली. आत्मारामने घड्याळ बघितलं. बारा वाजून पाच मिनिटं.

आवाज त्या दिवसापासून बंद. आत्मारामने वहीत कोऱ्या रकान्यात लिहिलं, 'उतरले, १२.०५.' ऑफिसने कळवलं, 'पूर्तता झाली.' तारीख कुणी विचारली नाही.

नळीबद्दल तो तरीही बोलला नाही. आता कशाला, असं म्हणत चार वर्षं गेली. थकलेल्या माणसाला गप्प बसणं हेच काम पुरतं.

नातवाचं नाव लवू. पोर गुणी, खोड एकच. घरातली प्रत्येक भोकाची वस्तू बघायचा. पिचकारी, बासरी, सायकलचा पंप, कुलपाचं भोक. काडी घालायचा, डोळा लावायचा, मग पुढे. त्याच्या पायी त्या घरात एकाही कुंभारणीचं घर टिकलं नाही. आणि आत्मारामची एक अडचण होती. त्याला त्या पोराला 'अरे' म्हणता यायचं नाही. 'अहो, जेवायला या,' असं तोंडातून जायचं. लोक हसायचे. लाडाने म्हणतो, असं समजायचे.

गेल्या मार्चमधली गोष्ट. आत्माराम दुपारी ओटीवर पडला होता. लवू कुठूनतरी आला, हातातल्या काडीला ओली माती. समोर उभा राहिला.

"आत्माराम, बघितलंस ना सगळं?"

त्या घरात आत्मारामला नावाने हाक मारणारं कुणीही उरलेलं नाही.

आत्माराम उठून बसला. हात आपोआप जोडले गेले.

"नाही, साहेब," तो म्हणाला.

पोराने मान हलवली आणि ते आत पाणी प्यायला गेलं.

दुसऱ्या दिवशी आत्माराम नळी घेऊन सांगलीच्या गाडीत बसला. मास्तरांच्या दाराला कुलूप होतं. दोन वर्षांपूर्वीच वारले, शेजाऱ्यांनी सांगितलं. मग त्याने नळी पोस्टाने ऑफिसला पाठवली, सोबत कबुली. उत्तर आलं, 'प्रकरण निकालात निघाले आहे. वस्तू परत पाठवीत आहोत.'

तेव्हा तो माझ्याकडे आला.

"तू लिवतोस ना कायबाय? ह्या लिही."

"अरे, पण छापणार कोण? फार तर भुताखेतांच्या पानावर येईल."

"खयपन येऊ दे. छापलेला पायजे."

म्हणून लिहितो. १४ मार्च १९८४ रोजी मिरजोळ्याच्या सड्यावर जे विमान पडलं, त्यात निजसुरे साहेबांची चूक नव्हती.

काल हे सगळं मी आत्मारामच्या ओटीवर बसून वाचून दाखवलं. तो खाली बघून ऐकत होता. लवू उंबऱ्यावर, हातात काडी. शेवटचं वाक्य झालं. पोर उठलं, माझ्याजवळ आलं. माझ्या हातातल्या कागदाची सुरळी झाली होती. तिला त्याने एक डोळा लावला.

"बघितलंस ना सगळं?"

"होय," मी म्हणालो. सवयीने निघून गेलं तोंडातून.

आत्मारामने माझ्याकडे बघितलं.

तेव्हापासून हा मजकूर मी सात वेळा तपासला आहे. तारीख बरोबर आहे, वेळ बरोबर आहे, नावं बरोबर आहेत.

तरी काहीतरी राहिलंय...