कोरडी खोली

कार्यालयात तिला सगळे चिमटाबाई म्हणत. इलेक्ट्रॉनिक सुटे भाग ती चिमट्याने उचले म्हणून, आणि बोलताना कुणाला सोडत नसे म्हणूनही. भाग तपासून हवाबंद पाकिटात भरायचे, हे तिचं काम. प्रत्येक पाकिटात निळ्या ठिपक्याचं कार्ड असे. आत ओल शिरली की ठिपका गुलाबी होई आणि तो माल बाद.

एका गाळ्यातून सुरू होऊन जगभर शाखा पसरलेल्या कंपनीचा वाढदिवस जवळ आला होता. कंपनीचा इतिहास दर्शनी दालनात मांडायचं काम मोठ्या साहेबांनी तिच्यावर सोपवलं. मोठे साहेब म्हणजे तिचे सख्खे काका. काका आणि बाबा, दोघा भावांनी रेडिओचे भाग विकता विकता हा पसारा उभा केला होता. ती लहान असताना बाबा परदेशात पहिली शाखा काढायला गेले, ते तिकडचेच झाले. पत्र नाही, फोन नाही. आई वाट बघून बघून गेली. परक्या माणसाला तिने एखाद्या वेळी माफ केलं असतं, बापाला करवत नव्हतं.

तरी एक आठवण काही केल्या जात नसे. थंडीत बाबा गाळ्याच्या काचेवर तोंडाची वाफ सोडून बोटाने घर काढत. "आधी दार काढायचं, चिमणे," ते म्हणत. "नाहीतर आतल्या माणसानं बाहेर कसं यायचं?"

दालनाच्या भिंतीत काचेची पेटी बसवली होती. तिच्यात बाबांनी बंद केलेलं पाकीट. नवी शाखा उघडली की बाबांनी जाण्याआधी भरून ठेवलेल्या पाकिटांतलं एक तिकडे धाडायचं आणि अशाच पेटीत ठेवायचं, हा कंपनीचा रिवाज होता.

त्या सकाळी ठिपका गुलाबी दिसला. आदल्या दिवसापर्यंत तो निळाच होता.

"जुनं झालंय, दुसरं काय," असं स्वतःशीच म्हणत तिने पाकीट कापलं. आतून निलगिरीचा वास आला, ओला आणि ताजा. बाबांना कोरड्या खोकल्याची खोड होती. निलगिरीची गोळी सदा त्यांच्या गालात असे. तिने कात्री खाली ठेवली. मग स्वतःवरच चिडून तिने भाग नव्या पाकिटात भरले, नवं कार्ड घातलं, यंत्राने हवा काढून घेतली आणि पाकीट पेटीत ठेवलं. जेवून परत येते तो ठिपका पुन्हा गुलाबी, आणि चप्प बसलेलं पाकीट फुगलेलं. त्याच यंत्रावर बंद केलेली बाकीची पाकिटं ठणठणीत होती.

दुपारी शाखांचे फोन सुरू झाले. सगळीकडे तेच. एका शाखेतली बाई चाचरत म्हणाली, "कार्डाचं जाऊ द्या हो. आमच्या पेटीची काच धुरकट होतेय. आतून."

संध्याकाळी काका दालन बघायला आले, तेव्हा तिने सरळच विचारलं.

"काका, पहिल्या शाखेतला म्हातारा गुदामवाला आज फोनवर म्हणाला, बाबांना तिथे कुणी पाहिलंच नाही."

"वय झालंय त्याचं. काहीबाही बोलतो."

"आणि जुन्या फोटोत ही भिंत का नाही?"

"इथे मालाची कोरडी खोली होती, पोरी. ओल यायला लागली. तुझा बाप गेला त्याच आठवड्यात ही भिंत घालून बुजवून टाकली," काका म्हणाले, आणि बोलून गेल्यावर घाईने जायला वळले.

तेवढ्यात पेटीची काच धुरकटली.

काकांनी रुमाल काढून पुसली. पुसली जाईना. वाफ आतल्या बाजूला होती.

"पेटी मागून उघडी राहिलीय का बघ," काका म्हणाले.

"मागे भिंत आहे, काका."

काचेवर एक रेघ उमटली. मग दुसरी. कुणीतरी आतून सावकाश बोट फिरवत होतं.

दोन भिंती झाल्या. वर उतरतं छप्पर झालं.

इतक्या वर्षांचा तिचा राग कुठल्या कुठे गेला.

"बाबा," ती म्हणाली, "दार राहिलं."

बोट थांबलं. काका तिच्याकडे बघत नव्हते.

मग तळाशी एक रेघ सुरू झाली. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ती सरळ गेली, आणि घर सगळ्या बाजूंनी बंद झालं.