दोन हाकांची रेकॉर्ड

छप्पन साली गिरगावात गोळीबार झाला, त्याच्या दुसऱ्या दिवशी खोताच्या वाडीतल्या मॅगी आंटी वसईला बहिणीकडे निघाल्या. जाताना आपला चावीचा फोनो, म्हणजे ग्रामोफोन, शेजारच्या पद्मजाकडे ठेवून गेल्या. "हेरंबाला म्युझिक ऐकव गो. पोर बोलेल."

हेरंब अडीच वर्षांचा झाला, तरी तोंडातून शब्द नव्हता. पद्मजाने काय करायचं बाकी ठेवलं होतं? वेखंड चाटवून झालं, डॉक्टर झाला, देवीची ओटी झाली. कान ठीक आहेत म्हणे. पण नावाने हाक मारली तरी पोर वळायचं नाही. "आई म्हण रे. एकदा म्हण," असं दिवसभर घोकून तिचाच घसा बसायचा. मग ती त्याच्यावर खेकसायची आणि मोरीत जाऊन रडायची.

फोनोवर एकच रेकॉर्ड होती. पद्मजाला सातवीपर्यंतच्या इंग्रजीने लेबलवरचा एकच शब्द लागला, टँगो.

"टांग्याचं गाणं असेल," तिचा नवरा रघुवीर हसला.

गाणं नव्हतंच ते. गाणारं कुणी नाही, शब्द नाहीत. फिडली, म्हणजे व्हायोलिनं, पियानो आणि पेटीसारखं काहीतरी. त्याचा भाता ओढला की माणसाने श्वास घेतल्यासारखं वाटायचं. ती पेटी एक एवढासा तुकडा वाजवायची. पुन्हा तोच वाजवायची. आणि एकदम सगळं थांबायचं. आता तिसऱ्यांदा येणार म्हणून कान लावून बसावं, तर फिडली घुसायच्या आणि भलतीकडेच निघून जायच्या.

पद्मजा चरफडायची. चावी देऊन पुन्हा लावायची. पुन्हा तेच.

"वाजवण्याला कसला आलाय अर्थ?" रघुवीर वैतागला. "हॉटेलात साहेब लोक नाचतात यावर. थांबलं की पाय बदलायचा, बस्स."

"नाचाचं नाहीये हो हे. कुणीतरी हाका मारतंय. दोनदा मारतं नि गप्प बसतं."

"मग ओ दे की तू!"

तो हसला, पण पद्मजाच्या अंगावर काटा आला. सासूबाई कोकणातल्या. हयात असताना त्यांनी तिला बजावलं होतं, 'कोण ते दिसल्याशिवाय ओ देऊ नको हो. माणूस असेल तर तिसरी हाक मारतं. ते मारत नाही. ते ओ मिळायची वाट बघतं.'

त्या दुपारी कर्फ्यू जरा उठला, तसा रघुवीर दूध मिळतंय का बघायला गेला. वाडी अशी गप्प की वरच्या मजल्याची लाकडं करकरलेली ऐकू यावीत. रस्त्यावर जळलेल्या टायरांचा वास खिडकीतून आत येऊन बसला होता. हेरंब कोपऱ्यात चमच्याशी खेळत होता. सकाळपासून त्याने एकदाही तिच्याकडे पाहिलं नव्हतं. पद्मजाचं डोकं फिरलं. निदान या मेल्या रेकॉर्डला तरी आज काय म्हणायचंय ते काढतेच! तिने चावी दिली, पिन ठेवली.

पेटी वाजली. पुन्हा वाजली. थांबली.

"ओ," हेरंब म्हणाला.

स्वच्छ, लांबवून. जेवायला बोलावल्यावर द्यावी तशी.

"बोललं गं बाई!" पद्मजा धावली. तिने त्याला छातीशी घट्ट धरलं, मुके घेतले, रडली, हसली. मग तिच्या लक्षात आलं, फिडली आल्या नव्हत्या. प्लेट फिरत होती, पिन खरखरत होती...

आणि पेटी वाजली. तोच तुकडा. तिसऱ्यांदा. हळूच, अगदी जवळ उभं राहून बोलावं तसा.

पद्मजाने त्याला सोडलं नि हात मारून पिन उडवली. हेरंबाला उचलायला वळली, तर तो भिंतीशी सरकून उभा. ती तिथेच जमिनीवर बसली, हात पसरले.

"तू नाही ओ द्यायची, राजा... इकडे ये... माझ्याकडे ये..."

हेरंबाने वर पाहिलं. ओळख पटल्यावर हसावं तसा त्याचा चेहरा फुलला. असा तो तिच्याकडे बघून कधीच फुलला नव्हता.

"आई!" तो म्हणाला.

आणि धावत आला. त्याचं झबलं तिच्या बोटांना निसटतं लागलं. तिला वळसा घालून तो तिच्या पाठीमागे गेला. जाताना त्याने दोन्ही हात वर केले होते, उचलून घे म्हणून.

पद्मजाला मान वळवता येईना.

मागे तो खुदकन हसला. ते हसू आधी जमिनीजवळ होतं. मग तिच्या कानाशी आलं. मग तिच्या डोक्याच्याही वर.